पाचव्या सवाष्णीचं वाण

युवराजांना कांजिण्या निघाल्या, तेव्हा राणीसाहेबांनी गौरीपुढे हात जोडून नवस बोलला होता, "आई, लेकरू उठून खेळू दे. श्रावणात पाच घरच्या पाच सवाष्णींना वाण देईन. त्या दिवशी पाचवीच्या पदरात पडेपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही."

लेकरू उठलं, अंगणभर धावू लागलं. श्रावण आला. शुक्रवारी पाच पाटांवर पाच सवाष्णी बसल्या. तबकात पाच वाणं मांडली: नारळ, गूळ, केळी, तांदूळ आणि विडा. चौघींचं वाण झालं, आणि पाचवीपाशी घोडं अडलं!

चातुर्मास होता ना! प्रत्येकीनं काही ना काही सोडलेलं. आणि नेमात सोडलेली वस्तू सवाष्ण खात तर नाहीच, वाण म्हणून पदरातही घेत नाही. महाराजांना मात्र घाई. "जिला जे चालेल, त्यातलं हाताला येईल ते द्या. घोळ घालू नका!" असा हुकूम. पूजेची तयारी करणाऱ्या गोजरानं तसंच दिलं. सोनारणीला नारळ, तेलिणीला गूळ, माळिणीला केळी, शिंपिणीला तांदूळ. उरला विडा.

तो पुढे केला, तशी कुंभाराची भिमा मागे सरली. "नाही गं बाई! लेक बाळंतपणाला आलीय माझी. तिच्यासाठी विडा सोडलाय, गूळ सोडलाय, केळी नि भातही सोडलाय. मला नारळ तेवढा चालतो."

राणीसाहेबांचे ओठ सुकून गेलेले. महाराज उसळले, "गोजरा! वाटलंस तू, आता निस्तर तूच! नवं वाण आणायचं नाही, सवाष्ण बदलायची नाही. आणि या घराण्यानं दिलेलं आजवर कधी परत घेतलेलं नाही! दिवेलागणीच्या आत भिमाच्या पदरात वाण पडलं नाही, तर उद्यापासून राजवाड्याची पायरी चढायची नाही!"

गोजराचा नवरा अंथरुणाला खिळलेला. या कामावरच तिची चूल पेटत होती.

"आजच्या दिवस घे की विडा," कारभाऱ्यांनी भिमाला सुचवलं.

"तुमची लेक अवघडलेली असती, तर घेतला असता का हो?"

कारभारी दोन पावलं मागे सरले!

गोजरानं मनातल्या मनात गौरीला हाक मारली आणि सोनारणीकडे वळली. नारळ तिच्याच मांडीवर होता.

"सोनारीणबाई, नारळाच्या जागी विडा चालेल?"

"इश्श! विडा मीसुद्धा सोडलाय. केळी नको, तांदूळ नको. गूळ असता तर घेतला असता बाई."

गूळ तेलिणीकडे. "तेलीणकाकू, तुम्हाला विडा?"

"नको गं. केळी मात्र चालतील."

केळी माळिणीकडे. "माळीणताई, तुम्हाला?"

"विडा? अगं, दोन असते तर दोन्ही घेतले असते!"

गोजराचा चेहरा उजळला. "सापडली वाट! तर सोनारीणबाई, तुम्ही..."

"थांब!" महाराज गरजले. "दिलेलं परत घ्यायचं नाही, सांगितलं ना?"

"परत कोण मागतंय, सरकार? पण सवाष्णीनं आपलं वाण कुंकू लावून दुसरीच्या पदरात घातलं, तर त्याला काही बंदी आहे का?"

महाराजांनी पूजा सांगणाऱ्या गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "बंदी कसली! उलट पुण्यच."

मग काय! माळिणीनं केळी तेलिणीला दिली, तेलिणीनं गूळ सोनारणीला, सोनारणीनं नारळ भिमाच्या पदरात घातला. विडा गेला माळिणीकडे. शिंपीण आपले तांदूळ घेऊन जागच्या जागी बसून राहिली! समया लागायच्या आतच राणीसाहेबांच्या हातात पाण्याचा पेला आला.

तरी महाराज हटेनात. "म्हणजे पहिली चार वाणं तू चुकीचीच दिलीस!"

"नाही सरकार. एकेकीपुरती बरोबरच होती. पाचहीजणींना पुरायची, तर जरा सरकावी लागली."

"मोठी शहाणी! आणि भिमासारखाच सोनारणीलाही नुसता नारळच चालत असता, तर? सरकवलं असतंस?"

"तर नसतं जमलं, सरकार. दोघीजणी आणि दोघींना मिळून एकच वाण! बाकीचं कितीही फिरवलं, तरी एकीचा पदर रिकामाच राहिला असता. मग एकच उपाय होता."

"कोणता?"

"नारळ फोडायचा, आणि एकेक वाटी दोघींना!"

महाराज असे हसले, असे हसले की पगडी सावरावी लागली! राणीसाहेबांनी गोजराची खणानारळानं ओटी भरली. राजवाड्यातल्या प्रत्येक पूजेचं वाटप महाराजांनी तिच्याकडे सोपवलं, वर तिच्या घरचा शिधा कायमचा बांधून दिला.

तेव्हा बायांनो, एवढं करा. यंदा तुमच्या हळदीकुंकवाला शेवटच्या बाईला चालेलसं काही उरलं नाही, तर तिला तशीच पाठवू नका. आधी आलेल्या अजून गप्पा मारत बसलेल्याच असतात. त्यांना जरा विचारून बघा!