चार कोऱ्या डिस्क

“…पण सर, कोणत्या मांडणीत ते वाचलं असतं, तेवढं तरी सांगा?”

हेरंब पाध्ये हे विचारतच दारातून आत आला. बसला नाही.

यासीन मुकादम सर चष्मा पुसत होते. आमच्या लोकगीत संग्रहालयाचे संगणक त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळले. हेरंब त्यांचा शेवटचा शिष्य; सहा महिन्यांपूर्वी त्यांनी सगळं त्याच्याकडे सोपवलं होतं. हुशार होता, पण त्या हुशारीचा ताठा आम्ही सगळ्यांनीच सोसला होता. मी शेजारच्या टेबलावर सूची लिहीत होतो. त्याचा चेहरा पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

“काय वाचलं असतं?” सर म्हणाले.

“तळवटच्या भलऱ्या.”

सरांचा हात थांबला.

तळवट गाव कधीच धरणाखाली गेलं. भात लावताना तिथल्या बायका जी भलरी म्हणायच्या, तिचं तीनशे तासांचं ध्वनिमुद्रण आमच्याकडे चार डिस्कवर होतं. मूळ कॅसेटना बुरशी लागली म्हणून त्या केव्हाच टाकून दिल्या होत्या. उरलं होतं ते एवढंच.

“नीट सांग.”

“जुना सर्व्हर जळला, डिस्क तेवढ्या शाबूत राहिल्या, म्हणून नवा मांडत होतो. त्यासाठी चार नव्या डिस्क आणल्या. नव्या, जुन्या, सगळ्या एकाच मापाच्या. टेबलावर शेजारी शेजारी होत्या…”

“जुन्यांवर माझ्या पट्ट्या होत्या.”



सरांची ती सवय होती. डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावायची आणि पेनाने एका गाणारणीचं नाव लिहायचं. धोंडाबाई झोरे. सावित्रा कोकरे. हेरंबला ते गावठी वाटायचं. पाहुण्यांना सर्व्हर दाखवताना लाज वाटते, असं तो मला एकदा म्हणालाही होता.

“काढल्या मी त्या,” तो म्हणाला. “एका डिस्कवर एक बाई अशी नसतेच ना, सर. प्रत्येकीचे तुकडे चारही डिस्कवर पसरलेले असतात. नावांना काही अर्थ नव्हता.”

“बरं. पुढे?”

“रेड सहा मांडणीत चार डिस्क एकत्र जोडल्या. त्यात दोन डिस्क एकदम गेल्या तरी काही हरवत नाही. सुरुवातीला सगळ्या डिस्क कोऱ्या करून घ्याव्या लागतात, तो हुकूम दिला. अकरा तास चाललं. मग टेबलावर उरलेल्या चार जोडून पाहिल्या तर…”

“त्या नव्या निघाल्या.”

“हो.”

मला त्या रेडमधलं ओ की ठो कळत नाही. पण एवढं मलाही कळलं. खूप वाईट वाटलं, आणि रागही आला.

“वेगळी प्रत काढायला सांगितली होती,” सर म्हणाले.

“मी म्हटलं, रेड आहे की.”

“आता सर्व्हरचे दिवे कसे आहेत?”

“सगळे हिरवे. मांडणीत एकही दोष नाही, सर.”

पंखा गरगरत होता.

“उद्या कोण येणार आहे, ठाऊक आहे ना?”

“धोंडाबाईंची मुलगी.”

धोंडाबाई गेल्याच महिन्यात वारल्या. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. मुलीने फोन करून विचारलं होतं, आईचा आवाज तुमच्याकडे आहे असं कळलं, ऐकायला मिळेल का? आणि हेरंबनेच तिला सांगितलं होतं, या की, आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे.

“तिला काय सांगू, सर?”

सरांनी खण उघडला. एक कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

“लिही.”

“काय लिहू?”

“धोंडाबाईंचं जे आठवतं ते. सहा महिने त्या तुझ्या ताब्यात होत्या. एखादं गाणं ऐकलं असशील.”

हेरंब पहिल्यांदाच खुर्चीत बसला. पेन्सिल उचलली, परत ठेवली.

“मी… फायली उघडतात की नाही, तेवढंच तपासायचो.”

“आणि?”

“आवाज बंद ठेवून.”

सरांनी डोळे मिटले. कॅसेटवरून उतरवून घेताना त्यांनी ती गाणी एकदा ऐकली होती, फक्त एकदाच. एक हात टेबलावर ठेवून ते हळूच म्हणू लागले. गळा साफ नव्हता, सूरही धड लागत नव्हता.

“चिखलात रवलं पाऊल बाई… पाऊल मागंच ऱ्हायलं…”

हेरंबने घाईघाईने ते लिहून घेतलं. पेन्सिल कागदावर टेकवून तो वाट पाहत राहिला.

सर थांबले होते.

“पुढची ओळ, सर?”

“ती तुझ्याकडे होती.”