तानूबाईच्या हातचं

"पण बाबा, तिला इथं कमी काय होतं?"

निरंजनानं पुन्हा तेच विचारलं. आवाजात राग होता. उपकार वाया गेल्यावर येतो, तसला.

रेवणबाबा ओसरीवर बसून तूर पाखडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गेली कधी?"

"पहाटे. कुणाला एका शब्दानं न सांगता. वाकळ घडी करून ठेवली, ताटवाटी घासून पालथी घातली, आणि गेली."

येरळा नदीच्या काठचा हा लहानसा मठ. बाबा पावसाळाभर आपल्या गुरूंच्या समाधीपाशी राहायला गेले होते. जाताना मठ निरंजनाच्या हाती सोपवला होता, आणि परतले ते नेमके तानूबाई गेली त्या दिवशी. निरंजन शिकलेला होता, वाणीनं गोड होता. बाबांच्या मागं गादी त्याचीच, असं सगळे धरून चालले होते. तोही.

तानूबाईला महारोग झाला होता. तो केव्हाच बरा झाला. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. पण वाकडी झालेली बोटं वाकडीच राहिली. दवाखान्यातून ती घरी आली, तेव्हा लेकांनी तिला गोठ्यापलीकडं छप्पर घालून दिलं. एकदा नातू धावत येऊन तिच्या मांडीवर बसला. सुनेनं त्याला उचललं आणि तिच्यादेखत दारात अंघोळ घातली. त्या दिवशी तिनं घर सोडलं, आणि बाजाराच्या गावी, महादेवाच्या घाटावर, भिकाऱ्यांच्या ओळीत येऊन बसली.

तिथून निरंजनानं तिला मठात आणलं होतं. भर बाजारातून, तिचा हात हातात धरून. लोक बघत राहिले. त्या प्रसंगावर पुढं त्याची कितीतरी प्रवचनं झाली. तानूबाई समोरच बसलेली असे.

"नवं ताट दिलं होतं तिला, बाबा. खास तिच्यासाठी आणलेलं. उन्हाची खोली दिली. पंगतीआधी तिचं पान वाढायचो. मावशीला कुणी काडीचं काम सांगायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं."

"तिनं काही मागितलं कधी?"

"नाही... म्हणजे, एकदा म्हणाली, भाकऱ्या थापू का? मी म्हटलं, मावशी, जन्मभर राबलात, आता बसून खा."

"मग?"

"मग एकदा स्वयंपाकघराच्या दारात बसून मेथी निवडत होती. सगळी जुडी निवडली. त्या बोटांनी."

"भाजी चांगली झाली?"



"...गाईला घातली."

"गाईनं खाल्ली?"

"हो."

"हं."

सूप पुन्हा हलायला लागलं. निरंजनाला ते सहन होईना.

"मला स्वतःला काही वाटत नाही, बाबा. तो रोग आता लागत नाही, हे मला कळतं. पण मठात चार लोक येतात. त्यांच्या मनाचाही विचार..."

"गाईपुढं भाजी टाकली, तेव्हा तानूबाई कुठं होती?"

"...इथंच. ओसरीवर."

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"तिला काय कमी होतं, ते तिलाच विचार. मी तर इथं नव्हतो."

ऊन रणरणत होतं. निरंजन पायीच घाटाकडं निघाला. वाटेत तो मनाशी शब्द जुळवत होता. रागवायचं नाही. प्रेमानं समजवायचं. लोक बघतील, तर बघू देत. मागच्यासारखाच हात धरून आणायचं.

घाटावर तानूबाई सापडली. जुन्याच जागी, पिंपळाच्या सावलीत. शेजारी हैबती नावाचा आंधळा म्हातारा बसला होता.

"तानू, चिमूट सोड की गं," हैबती म्हणाला.

तिनं चंचीतून तंबाखू काढली, तळहातावर चुना घेतला, वाकड्या अंगठ्यानं मळली आणि हात पुढं केला. हैबतीनं चाचपडत तिच्या तळहातावरून चिमूट उचलली आणि दाढेत धरली.

"चुना जास्ती झाला," तो कुरकुरला.

"फुकटचं खातोस आन् वर नावं ठेवतोस व्हय रं, मुडद्या!" तानूबाई म्हणाली, आणि हसली.

निरंजन थबकला. ती हसते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला पाहताच तिनं घाईनं पदर सावरला. हसू मावळलं.

"म्हाराज... तुम्ही? एवढ्या उनाचं?"

"मावशी, असं का केलंत? काय कमी पडलं तुम्हाला?"

"कमी कुठलं, जास्तच हुतं." ती जमिनीकडं बघत म्हणाली. "देवाला निवद यावा, तसं ताट यायचं. तुमचं उपकार हायती... पर देवाकडनं मानसं परसाद तरी मागून घेत्यात."

 वाटेत जुळवलेले सगळे शब्द कुठं गेले, कोण जाणे.

"बसा की," ती म्हणाली. तिनं पदराच्या शेवानं समोरची पायरी झाडली. तो बसला.

मग तिनं मागचं फडकं ओढलं. त्यात भाकरी होती. तीन दगडांच्या चुलीवर भाजलेली, कडेला किंचित करपलेली. तिनं ती मोडली, अर्ध्या भाकरीवर ठेचा ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"खावा. उपाशी आला असाल. म्या थापलीया."

निरंजनानं भाकरीकडं पाहिलं. ठेच्याचा वास येत होता, आणि त्याला खरोखरच भूक लागली होती. पण त्याचे डोळे भाकरीवर ठरेनात. ते पुन्हा पुन्हा बोटांवर जात होते. रोग लागत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किती जणांना त्यानं स्वतः समजावून सांगितलं होतं. हात उचलायचा, एवढंच काम होतं.

हात उचलेना.

"मावशी... आज माझा उपवास आहे."

"कसला?"

"सोमवार."

हैबती खुदकन हसला. "आज बुदवार हाय, म्हाराज. बाजार बसलाय की."



"तू गप रं," तानूबाई हैबतीवर खेकसली. "साधू मानसांचं वार येगळं असत्यात."

तिनं अर्धी भाकरी परत फडक्यात ठेवली. रागानं नाही, रडूनही नाही. तिन्हीसांजेला दार ओढून घ्यावं, तितक्या सहज. तिला सवय होती.

निरंजन उठला. "येता का?" असं त्यानं विचारलंच नाही. हात धरायचंही राहून गेलं.

मठात पोचला, तेव्हा बाबा गाईला पाणी दाखवत होते.

"भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"...भाकरी दिली."

"कशी होती?"

"चांगली होती," निरंजन म्हणाला.

 गाय पाणी पीत राहिली. तिचं पिऊन झालं, तरी बाबा तसेच उभे.



"खाल्ली नाही, बाबा. खोटं बोललो. तिच्याशीही आणि तुमच्याशीही. आणि तिनं ओळखलं... ओळखून मलाच सांभाळून घेतलं! इतके दिवस लोकांच्या मनाचं नाव पुढं करत होतो. ते मन माझंच होतं..."

तो मटकन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि ताठ झाला. आवाजात पूर्वीचं बळ येऊ लागलं.

"उद्या सकाळीच जातो. भर घाटावर, सगळ्यांसमोर तिचे पाय धरतो. तिची माफी मागतो."

"माग," बाबा म्हणाले.

निरंजन उठून चालू लागला.

"निरंजना..."

तो वळला.

"आणि तिनं दिली, तर... घेववेल तुला?"