राणीने दिलेली घटका

एका राज्यात चांगला मुहूर्तच उरला नव्हता. पंचांगे होती, जोशी होते, पण शुभ घटका शोधू जावे तर सापडत नसे. याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी ते तोंडातून काढत नव्हते. राजा शूरकेतूच्या पाठीला एकदा गळू झाले. राज्यात शल्यवैद्य एकच, नागनाथ. त्या दिवशी तो भस्मांग जादूगाराच्या बायकोच्या पोटावर शस्त्र चालवणार होता. राजाने त्याला आधी राजवाड्यात बोलावून घेतले. राजा बरा झाला, आणि तिकडे ती बाई वाट पाहता पाहता गेली.

भस्मांगाने राज्यातल्या साऱ्या शुभ घटका गोळा केल्या आणि रानातल्या वडाच्या ढोलीत कोंडल्या. म्हणाला, "राजा, माझ्या माणसाची वेळ तू घेतलीस. आता तुझ्या राज्यात शस्त्राची जखम भरून यायची नाही." तेव्हापासून विळा लागला तरी माणूस अंथरुणाला खिळे.

अशात राजकन्या केतकीच्या गळ्यात गाठ आली. गाठ वाढली, घास उतरेना, श्वास अडू लागला. वैद्य म्हणाला, कापावी तर लागेल, पण घटका आणा. राणी रत्नप्रभा एकटीच रानात गेली.

ढोलीवर पिंगळा, ते लहानसे घुबड, पहाऱ्याला होता. तो माणसासारखा बोले.

"पिंगळ्या, मला एक घटका दे."

"राणी, तीन गोष्टी द्याव्या लागतील."

पहिल्यांदा त्याने तिच्या केसांचा काळेपणा मागितला. तिने तळ्यात केस धुतले. पाणी काळे झाले, केस पांढरे झाले. मग त्याने तिची झोप मागितली. ती तिने मागेपुढे न पाहता दिली. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या आईचा चेहरा दे." इथे मात्र राणी अडखळली. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती आणि आठवणीतला तो चेहरा एवढाच काय तो उरला होता. तिने डोळे मिटून तो एकदा नीट पाहिला आणि देऊन टाकला.

पिंगळ्याने तिला तांब्याचे घटिकापात्र दिले. "हे पाण्यावर सोडशील तेव्हा घटका सुरू होईल, बुडेल तेव्हा संपेल. त्या वेळात केलेली एकच जखम भरेल."

राणी परतली. वैद्याने हात धुतले, शस्त्र जाळावर धरले, केतकीला पाटावर निजवले. इतक्यात दाराशी आरडाओरड झाली. कुंभारवाड्यातल्या चौघांनी रेणू नावाच्या बाईला खाटेवर घालून आणले होते. मूल आडवे आले होते, सुईणीने हात टेकले होते.

"आधी राजकन्या," राजा म्हणाला.

राणीला त्या क्षणी रेणूचा राग आला. हिला आजच यायचे होते, असे तिच्या मनात येऊन गेले. तिने वैद्याला विचारले, ही थांबेल का? वैद्याने नकारार्थी मान हलवली. आणि केतकी? ती संध्याकाळपर्यंत तग धरील, पण घटका तर एकच आहे, असे तो म्हणाला.

राणी राजाकडे वळली. "महाराज, एकदा आपण असेच म्हणाला होतात."

राजा बाजूला सरला. राणीने रेणूच्या उशाशी परात ठेवली, तीत पाणी ओतले आणि पात्र सोडले. वैद्याने पोटावर शस्त्र चालवले; मूल रडले, शेवटचा टाका पडला आणि पात्र बुडाले.

उन्हे कलली तशी केतकीच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वैद्याने शस्त्र उचलले आणि खाली ठेवले.

"राणीसाहेब, घटका गेली."

"लेक आहे अजून. चालवा शस्त्र."

गाठ निघाली, सुपारीएवढी. रक्त मात्र थांबेना. राणीने फडके दाबून धरले आणि मनाची तयारी केली. तोच पिंगळा खिडकीत येऊन बसला.

"राणी, या घराने घेतलेली वेळ या घराने परत दिली. ढोली उघडली. साऱ्या घटका आपापल्या घरी गेल्या." मग तो म्हणाला, "तू दिलेले तेवढे परत मिळायचे नाही."

"मी मागितले आहे का?" राणी म्हणाली.

तिने फडके उचलले. रक्त थांबले होते, जखमेच्या कडा एकमेकींना भिडल्या होत्या. केतकीने पोटभर श्वास घेतला, आणि राणी तिच्या पायांवर डोके टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी राजा मुकुट घरी ठेवून पायी रानात गेला. भस्मांग झोपडीच्या दारात बसला होता. काय बोलावे ते राजा वाटभर ठरवत आला होता, पण त्यातले काहीच त्याला आठवेना.

"तिचे नाव काय होते?" त्याने विचारले.

"मालन," भस्मांग म्हणाला, आणि राजाला बसायला त्याने घोंगडी पसरली.

त्या राज्यातल्या वेळा जशा ज्याच्या त्याला मिळाल्या, तशा तुम्हाआम्हाला मिळोत.