आणायचा होता नकार

“सगळ्यांनी होच म्हटलं, तर मी नापास कशी, बाई?”

ऋताचा स्वर नम्र होता. आतून ती धुमसत होती.

विद्यापीठात बाकी सगळ्या मॅडम. तांबोळी मात्र बाईच. उद्योजकतेच्या वर्गाला त्यांनी एकच काम दिलं होतं. कुणाकडे तरी काही मागायचं आणि नकार घेऊन यायचं.

यात पास होतील त्यांनाच उद्योग केंद्रात वर्षभर खोली मिळणार होती. नाही मिळाली, तर ऋताचा नाचणीच्या चिवड्याचा उद्योग सासूबाईंच्या ओट्यावर, दुपारची भांडी आणि चारचा चहा यांच्या मधल्या फटीत. नव्या सुनेला ती फट केवढी असते ते कळून चुकलं होतं.

“काय मागितलंस?” बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

“किराणावाल्या काकांकडे बरण्यांमागची जागा. कँटीनमध्ये एक टेबल, शनिवारी दुपारी.”

“शनिवारी दुपारी कँटीन बंद असतं ना?”

“...हो.”

“आणि तुझ्या वर्गातला तो प्रसन्न?”

“त्यानं कपड्यांच्या शोरूमची दर्शनी काच मागितली. मालकानं हाकलून दिलं त्याला.” ऋता जरा हसली. “तो पास. मी गोड बोलून काम करून आणलं, तर मी नापास.”

“काकांकडे गल्ल्याजवळची जागा का नाही मागितलीस?”

“ते देणारच नव्हते, बाई.”

“असं ते म्हणाले?”

“मी विचारलंच नाही.”

“म्हणजे त्यांचा नकार तूच देऊन टाकलास. मला त्यांच्या तोंडचा हवा होता.”

बाईंचं पेन पुन्हा चालू लागलं. बोलणं संपलं होतं, असं कुणालाही वाटलं असतं.

ऋता दारापर्यंत गेली. थांबली. परत आली.

“केंद्रातली रस्त्याकडची खोली मला हवी आहे. सगळ्यांत मोठी. नापास असले तरी.”

“नाही,” बाई म्हणाल्या. मान वर न करता.

ऋताचे कान तापले. ‘चालेल, बाई’ हे दोन शब्द सवयीनं ओठांवर येऊन उभे राहिले, जेवताना ‘पुरे, पुरे’ येतं तसे.

तिनं ते गिळले.

पंखा फिरत होता. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. नकार टेबलावर पडला होता आणि काहीसुद्धा कोसळलं नव्हतं... ज्याला ती आजवर वळसा घालून गेली, ते एवढंसंच होतं. तिला ते बघतच राहावंसं वाटलं.

“का नाही?” तिनं विचारलं.

पेन थांबलं.

बाईंनी चष्मा काढला. कुलगुरू आले तरी खुर्ची न सोडणाऱ्या तांबोळीबाई सावकाश उभ्या राहिल्या.

“ठाऊक नाही गं. इतक्या वर्षांत एकाही मुलीनं मला ‘का नाही’ असं विचारलं नव्हतं.”