लिंडरबीचा ओला शनिवार

इंग्लंडमधल्या लिंडरबी या जुन्या गावी आम्ही एकवीस वर्षांपूर्वी चहापुरते थांबलो होतो. या खेपेस शनिवार-रविवार मुद्दाम राहिलो. पहिल्याच सकाळी माझ्या पत्नीने, शैलाने, विचारले, नदीकाठची एवढी मोक्याची जागा रिकामी कशी? दगडी घरांची रांग तिथे येऊन एकदम थांबते आणि पुढे नुसते गवत आहे. हिल्डा फॅरो या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई पाहुण्यांना गाव दाखवतात. त्यांनी सांगितले ते असे.

हे मैदान गावाचे, कपडे वाळवण्याचे. मात्र जहागीरदाराशी झालेल्या जुन्या करारात एक अट होती म्हणे. दर शनिवारी सूर्यास्तापूर्वी इथे एक तरी धुतलेला कपडा वाळला पाहिजे; एक शनिवार चुकला की जागा जहागीरदाराची. धुणे रोजच पडे, त्यामुळे अट कोणाच्या ध्यानातही नव्हती. पुढे एका जहागीरदाराला तिथे हरणे पाळायची हौस आली. त्याच्या कारभाऱ्याने कडाक्याच्या थंडीतला शनिवार निवडला, सकाळीच दोऱ्यांचे खांब तोडून नेले आणि मैदानात शेकोटीला बंदी केली.

तरीही ॲग्नेस पेल नावाची धोबीण नदीवरचा बर्फ फोडून, चादर धुऊन मैदानात उभी राहिली. चादर फळीसारखी कडक झाली.

"ही वाळेपर्यंत तू टिकशील का?" कारभारी हसला.

"तुमचं काम चादरीशी आहे. माझं मी बघते."

तिने चादर अंगाभोवती गुंडाळली. दुपारपर्यंत ती तशीच उभी होती. मग पाव भाजणारा टोबी बेकर आला. "आण इकडे. मी भट्टीजवळून आलोय. तुझ्या अंगात आता ऊब ती काय राहिली?" त्याच्यामागून चांभार आला, सुईण आली, पाद्रीही आला. ज्याला थंडी सोसवेना, तो चादर पुढच्याच्या अंगावर घाली. शेवटचा ओला कोपरा ॲग्नेसने काखेत धरून ठेवला. सूर्य टेकला तेव्हा कारभाऱ्याने चादर चाचपली, गालाला लावून पाहिली आणि घोड्यावर बसला.

ॲग्नेसला ताप भरला. गुरुवारी ती गेली. गाव दुःखात असेल, विसरेल, अशा हिशेबाने कारभारी शनिवारी पुन्हा आला. मैदानात ॲग्नेसचाच झगा वाळत होता आणि भोवती सगळे गाव उभे होते.

त्यानंतर एकही शनिवार चुकलेला नाही, असे सांगतात. आजही घरोघरी पाळी फिरते. जहागीर कधीच बुडाली.

"मग आता कशासाठी?" मी विचारले.

"कोणी विचारायला येईल, तेव्हा सुरू करायचं का?"

त्या दिवशी पाळी फॅरोबाईंचीच होती आणि पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. त्यांनी स्वेटरखालून दमट अभ्रा काढला आणि शैलापुढे धरला.

"माझ्यानं झालं तेवढं झालं. तुम्ही तरुण आहात."

शैला बावन्न वर्षांची आहे. तिने रेनकोटची बटणे काढली.