फोटोतला मजूर

मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुराचा मुलगा रामिरो कॅलिफोर्नियातल्या एका दैनिकात बातमीदार होता. दोन कादंबऱ्याही नावावर होत्या. बाप वारला, तेव्हा त्याच्याशिवाय रडणारं कुणी नव्हतं. निदान मृत्युलेख छापावा, म्हणून तो म्हाताऱ्या संपादकांकडे गेला.

"फक्त नामवंतांचे छापतो. भाजी तोडणाऱ्यांचे छापले, तर जाहिराती कुठे टाकू?"

म्हाताऱ्यांना नियम बरे आठवतात, रामिरोच्या मनात आलं.

"साहेब, चूक दाखवली तर दुरुस्ती छापायचीच, हाही तुमचाच नियम ना?"

"अर्थात! कसली चूक?"

रामिरोने जुना अंक पुढे ठेवला. "या फोटोखाली मळेवाल्याचं नाव दिलंत. शेजारी नुसता 'मजूर'. त्यालाही नाव होतं."

सकाळी दुरुस्ती आली: 'फोटोतील मजुराचे नाव एउसेबियो अरियागा. सोमवारी निधन. मागे एक मुलगा.'