तळ्यातले जांभळे

डोंगरातल्या त्या खोल तळ्यावर माणूस अजून पाणी प्यायला आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तळाच्या गाळातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघे. त्याच्या वरच्या पाण्यात इवल्या जांभळ्या जिवाणूंची वस्ती होती. वरून झिरपणाऱ्या उजेडाच्या बळावर ते हा वायू खात आणि त्याचे गंधक अंगात साठवत. म्हणून वरचे पाणी माशांना मानवत असे.

वर रोहू मासळीचा तोरा होता. ती शेवाळाला म्हणाली, "खालचे ते घाणखाऊ दिसायला नकोत. तू पसर, झाकून टाक त्यांना."

शेवाळ तळेभर पसरले. खाली काळोख झाला.

"रोहूबाई, थोडी फट तरी ठेवा," जांभळे विनवू लागले. "उजेड नसला तर आम्हाला घास पचत नाही."

"मग राहा उपाशी."

जांभळे उपाशी राहिले आणि वायू वर चढत गेला. रोहूची काही पिल्ले उलटी होऊन तरंगली. तेव्हा रोहू वेड्यासारखी शेवाळावर धडका देऊ लागली. अखेर शेवाळ फाटले, उजेड खाली उतरला. पाणी हळूहळू निवळले आणि उरलेली पिल्ले हलली.

रोहूने खाली तोंड करून विचारले, "माझा राग आला असेल ना?"

"नंतर बोलू, बाई," जांभळे म्हणाले. "आधी जेवू द्या."